हवाईपट्टीवरची रास

विमानाचा आवाज आला की मी अजूनही उठतो. जेवत असलो तर हातातला घास ताटात टाकून उठतो. ते विमान असतं पार वर, कुठल्या तरी मोठ्या शहराकडे निघालेलं, खाली बालाघाट नावाचं गाव आहे हेही त्याला माहीत नसणार. तरी मी अंगणात जाऊन आधी खाली बघतो आणि मग वर. खाली गुरं तर नाहीत ना? सून म्हणते, "बाबा, बसा ना. आपल्या आंगणात थोडंच उतरून राह्यलं ते?" मी बसतो. बसतो म्हणजे काय, बूड टेकलं न टेकलं की पुन्हा उठतो. चौकीदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे स्टुलावर पेंगणारा माणूस येतो. माझ्या नोकरीत स्टूलच नव्हतं. सगळी नोकरी पळण्यात गेली, आता पाय थांबा म्हटलं तरी थांबत नाहीत.

मी हवाईपट्टीचा चौकीदार होतो. बालाघाटहून लामत्याकडे निघालं की रस्त्याला लागून एक माळ होता. त्यावर मुरूम अंथरून, पाणी मारून, रोलर फिरवून पट्टी केली होती. खातं बांधकामाचं. विमान महिन्यातून एखादं यायचं, कधी तेही नाही. कधी खाणीचे साहेब, कधी सर्व्हेवाले, आणि निवडणूक आली की पुढारी. विमान लहान, तीन-चार माणसांचं, जीपला पंख लावावेत तेवढं. माझं काम सांगायला सोपं होतं. दोन्ही कडांचे दगड चुन्यानं पांढरे ठेवायचे, गवत कापायचं, उंदरांची बिळं बुजवायची आणि खांबावरची कापडी पिशवी शाबूत ठेवायची. ती पिशवी वाऱ्यानं फुगते आणि वारा कुठून येतोय ते पायलटला वरून कळतं. लोक तिला पायजमा म्हणायचे. विमान यायचं असलं की ऑफिसात फोन यायचा, शिपाई सायकलवर निरोप आणायचा आणि मग मी शिट्टी फुंकत, लाठी हलवत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गुरं हाकायचो. एका टोकाची हाकली की दुसऱ्या टोकाची आत. गुरांना सरकारी जागा फार आवडते.

पायजमा दोनदा चोरीला गेला. दुसऱ्यांदा मी हट्टानं बाजार पालथे घातले, तर कटंगीच्या बाजारात एका मिरचीवाल्याजवळ लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पिशवी. मी म्हटलं, "हे कुठून आणलं?" तो म्हणाला, "आणलं नाही जी, वाऱ्यानं उडून आली." मी पिशवी घेतली. त्यानंतर पायजमा फुगला की वाऱ्याबरोबर तिखटाचा वास यायचा आणि खाली उभा राहणारा प्रत्येक साहेब शिंकायचा.

एकदा पुढारी येणार म्हणून स्वागताला शंभर माणसं हार आणि बँडबाजा घेऊन आली आणि एस.टी. स्टँडवर उभं राहावं तशी पट्टीच्या मधोमध उभी राहिली. पायलट डोक्यावरून गेला. त्यांना वाटलं सलामी दिली, तर बँड आणखी जोरात. तो पुन्हा घिरटी घालून आला, तर ह्यांनी फुलं उधळली. माझी शिट्टी कोण ऐकतो! शेवटी मी जाऊन ढोलवाल्याचा ढोलच उचलून पळालो. ढोलामागे ढोलवाला आणि त्याच्यामागे सगळी मिरवणूक, असं करून पट्टी मोकळी केली. आणि लांजीच्या त्या बाई कशा विसरीन? सीताफळांची टोपली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नागपूरले पोरीकडं पाठवाची हाय. डायवरले सांगजा, खड्ड्याखड्ड्यानं हळू चालव म्हणून."

पण माझी खरी गिऱ्हाइकं म्हणजे धानवाले. पौष लागला की डोकं फिरायची वेळ यायची. आमच्याकडे धानाच्या मळणीला चुरणी म्हणतात. त्यासाठी जमीन कडक, सपाट आणि वाऱ्याची लागते, आणि तशी जमीन पाच गावांत एकच होती. सरकारनंच रोलर फिरवून दिलेली! मी पहिल्या वर्षी हाकललं, दुसऱ्या वर्षी हाकललं. तिसऱ्या वर्षी आमचे साहेबच म्हणाले, "अरे, टोकाला बसू दे त्यांना महिनाभर. विमान आलं की बैल सोडतील." मग काय! पलीकडचं टोक खळ्यांनी भरून जायचं. माझ्या पायजम्याकडे पायलटपेक्षा त्यांचंच लक्ष जास्त. तो फुगला की सगळे सुपं घेऊन उपणायला उभे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कौशीबाई पहिल्यांदाच एकटी चुरणीला आली होती. आदल्या उन्हाळ्यात तिचा नवरा गेला. वाट्याला दोन बांध्यांचं, म्हणजे बांध घातलेल्या दोन तुकड्यांचं शेत होतं. मोठा दीर टेकचंद म्हणाला, "बाईमाणसाच्यानं धान होत नाही, शेत मी करतो, तिले पोटापुरतं देईन." ती नाही म्हणाली. पंच बसले. ठरलं ते असं, की एक हंगाम तिनं करून दाखवावा. नवऱ्याच्या हातून पाच खंडी धान व्हायचं. तेवढी रास आली तर शेत तिचं, कमी भरली तर टेकचंदनं कसावं. रास मोजायची होती तिच्या सासऱ्यानं, फागूबुवांनी. ते गावाचे जुने मापारी, दोघांचेही घरचे, आणि त्यांच्या मापाला कुणी कधी बोट लावलं नव्हतं.

टेकचंद काही साधा नव्हता. पट्टीच्या टोकाला जिथं तिनं जागा धरली होती, तिथं त्यानं स्वतःच्या तणशीचं ढिगार रचून ठेवलं. तणीस म्हणजे चुरणीनंतर उरतो तो धानाचा पेंढा. हे ढिगार म्हणजे घराएवढं. मग कौशीबाईनं खळं मांडलं ते थेट पट्टीच्या मधोमध. मी तणतणत गेलो.

"बाई, इथं नाही. इथं विमान टेकते."

"मंग मी कुठं टेकू, मेश्राम दादा? आजच्या दिवसाचं काम हाय. रास मोजली का उचलतो."

मी शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही.

रास मोजणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. उपणलेल्या धानाचा ढीग लावतात, त्याची पूजा करतात आणि भोवती राखेची रेघ ओढतात. रेघेच्या आत पायात चप्पल नाही आणि तोंडात शब्द नाही. मापारी कुडवानं मोजतो. कुडव म्हणजे लाकडी माप. पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुढे दोन, तीन, असं वीसपर्यंत. वीस कुडवांची खंडी झाली की एक खडा मुठीत घ्यायचा आणि पुन्हा लाभ. एक कुडव भरून दुसरा भरेपर्यंत मापारी तोच आकडा पुटपुटत राहतो, म्हणजे चूक होत नाही. आकड्याशिवाय त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघाला, किंवा भरलेला कुडव खाली पालथा झाला, की रास मोडली. मोडलेली रास त्या वर्षी पुन्हा मोजत नाहीत.

त्या रेघेच्या आत मी कधी गेलो नव्हतो. माझे आजोबा लोकांच्या खळ्यावर राब राब राबायचे आणि रास लागली की त्यांना लांब उभं करायचे. आम्ही दीक्षा घेतली, माझ्या गळ्यात सरकारी शिट्टी आली, मग मला 'लांब हो' म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण 'आत या' असंही कुणी म्हणत नसे. मीही जात नसे. राग मात्र यायचा, खोटं कशाला सांगू.

सकाळचं धुकं विरलं आणि फागूबुवांनी मोजायला सुरुवात केली. टेकचंद आणि पंच रेघेबाहेर उकिडवे बसले होते. दोन खंड्या झाल्या. तिसरी चालू होती आणि मला आवाज आला.

निरोप नव्हता. शिपाई सायकल दामटत आला तो सगळं झाल्यावर, आणि घाम पुसत म्हणाला, "मेश्रामभाऊ, विमान येनार हाय." असो. आवाज नेहमीसारखा नव्हता. घाट चढताना जुनी मोटार अडखळते तसं इंजिन अडखळत होतं. विमान झाडांवरून खाली आलं, चाकं पट्टीकडे निघाली, आणि पायलटला समोर ढीग दिसला, बैल दिसले, माणसं दिसली. त्यानं नाक वर उचललं. आमच्या डोक्यावरून ते इतक्या खालून गेलं की पंचांची पागोटी उडाली. वर चढताना इंजिन एकदा बंद पडल्यासारखं झालं, मग पुन्हा धरलं. काळा धूर निघाला. आता हा दुसरी घिरटी घालणार आणि तिसरी घालायला उरणार नाही, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता.

मी ओरडलो, "उचला! ढीग उचला!"

बैल सुटले, पंच पळाले, टेकचंद सगळ्यांच्या पुढे. ढीग कोण उचलणार? पावणेतीन खंडी मोजून पट्टीबाहेर दगडांपलीकडे ओतलेलं, पण जवळजवळ तेवढंच मधोमध मोजायचं राहिलेलं. इतका ढीग चार बैलगाड्यांनीही क्षणात हलला नसता. आणि फागूबुवा मोजतच होते. "सोळा, सोळा, सोळा..." विमान वळलं तरी म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.

कौशीबाई रेघेत उभी होती. तिनं आभाळाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. वर्षभराचं शेत तिथं पडलं होतं, आणि वर दोन अनोळखी माणसं. मग तिनं दाताळं उचललं आणि आपल्याच राशीत घातलं.

"उचलता नाही येत, दादा! पसरता येते! ढिगावर उलटन थे, पसरल्यावर नाही उलटत!"

मी रेघेबाहेरच. पाय उचलेना. विमान समोर येतंय आणि मी राखेच्या एका रेघेपाशी थबकलो, बघा माणसाचं कसं असतं ते.

"बाहेर काहून उभे हा? या ना आत! ओढा!"

मी चपलांसकट आत गेलो. तिच्या शेजारच्या दोघी बायका सुपं, टोपल्या घेऊन धावल्या. आम्ही चौघांनी ती उरलेली रास पाय, हात, दाताळं लावून पट्टीभर पसरली. फागूबुवा उठले. नुकताच भरलेला कुडव त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला, खडे मुठीत, आणि शांत चालत पट्टीच्या कडेला पांढऱ्या दगडाला टेकून बसले. आम्ही दुसऱ्या कडेला उड्या टाकल्या.

विमान टेकलं. नीट टेकलं. मग चाकं धानावर आली आणि घसरली. कोरड्या धानावर पाय टाकून बघा एकदा, म्हणजे कळेल. ब्रेक असून नसल्यासारखे. विमान आडवं झालं, डावीकडचं चाक मोडलं, पंख जमिनीला घासत गेला आणि त्यातली पेट्रोलची टाकी फाटली. फिरत, घासत, ठिणग्या उडवत ते थेट टेकचंदच्या तणशीच्या ढिगात नाक खुपसून थांबलं. शेपूट वर. तणीस सगळीकडे उडाली आणि हळूहळू खाली बसली.

सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेत पट्टीच्या कडेनं ऐकू आलं, "सतरा, सतरा, सतरा..."

मी धावलो. गाव धावलं. पेट्रोलचा वास आणि तणीस, आणि पहिला जो माणूस पुढे आला त्याच्या तोंडात पेटती बिडी! मी त्याच्या थोबाडीत मारली, बिडी पायाखाली चिरडली आणि मग दिसेल त्याच्या कमरेची काडेपेटी हिसकत सुटलो. आत दोघे होते. पायलट पोरसवदा, कपाळ फुटलेलं, हात मोडलेला. दुसरे खाणीचे साहेब, त्यांना खरचटण्यापलीकडे काही नाही, फक्त बूट सापडत नव्हता. दोघांना ओढून बाहेर काढलं. कौशीबाईनं पायलटच्या कपाळाला पदराची चिंधी बांधली.

तो भानावर आला आणि पहिलं काय म्हणाला? "त्या आजोबांना लागलंय का?"

कारण आजोबा दगडापाशी मांडीवर कुडव धरून बसले होते आणि ओठ हलत होते. डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "बाबा, कहाँ दर्द है?" उत्तर, "सतरा." डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. मूठ उघडायला गेले तर बाबांनी अशी घट्ट मिटली की डॉक्टरांनी हात मागे घेतला. मग फौजदार आले. "कितने आदमी थे जहाज में?" "सतरा." फौजदाराचा चेहरा पांढरा झाला. त्यानं शिपायांना उरलेली पंधरा माणसं तणशीत शोधायला लावली. मी सांगायला गेलो, तर मलाच गप्प केलं. तास-दीड तास तणीस उपसली आणि साहेबांचा बूट सापडला.

मग हुकूम झाला, वरचे अधिकारी येईपर्यंत विमानाला कुणी हात लावायचा नाही. कौशीबाई कडेला बसली होती. तिचं धान मुरमात पसरलं होतं, चाकांनी रगडलं होतं, एका बाजूला पेट्रोलनं भिजलं होतं. वर पारवे घिरट्या घालू लागले. टेकचंद आपल्या उसकटलेल्या तणशीपाशी उभा राहून पंचांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रास मोडली. आता काय मोजता?"

 कौशीबाईनं सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे ओठ हलतच होते.

मला तेव्हा कळलं. इतका वेळ मीही त्याला भ्रमिष्टच समजत होतो. कुडव भरलेला होता, पालथा झाला नव्हता. आकड्याशिवाय शब्द निघाला नव्हता. रास मोडली नव्हती, फक्त थांबली होती. अंगात काय आलं कोण जाणे, मी फौजदाराकडे गेलो आणि म्हटलं, "साहेब, हुकूम विमानाचा आहे ना? धानाचा नाही ना?" ते वैतागलेले होतेच. म्हणाले, "धान का हम क्या करेंगे!" एवढं मला पुरे होतं.

दिवस मावळेपर्यंत गावातल्या बायका पट्टीवर वाकल्या होत्या. केरसुणीनं ओढायचं, सुपात घोळायचं, खडे वेचायचे. मीही वाकलो. पेट्रोलचं धान वेगळं, चांगलं वेगळं. बुवांपुढे कुणी पाणी नेलं, भाकर नेली, त्यांनी मान हलवली. अंधारात रास मोजत नाहीत, म्हणून सगळं सकाळवर गेलं. बुवा दगडापाशीच बसून राहिले आणि मी रात्रभर त्यांच्याजवळ ऊठबस करत होतो. पाखरू फडफडलं तरी उठायचो. न जाणो, म्हाताऱ्याला डुलकी लागायची आणि कुडव कलंडायचा.

चौकशीचंही इथंच उरकतो, कारण ते आठवलं की अजून पित्त खवळतं. अधिकारी सभ्य होते. त्यांनी लिहिलं की पट्टीवर धान पसरलेलं असल्यामुळे विमान घसरलं. खोटं कसं म्हणू? खरंच घसरलं. पण धान पसरलं नसतं तर ढिगावर आपटून दोघे मेले असते, ते लिहायला कागदात जागा नव्हती. विचारलं, धान कुणी पसरलं? मी म्हटलं, मी पसरलं. तेही खरंच होतं. मला वर्षभर कटंगीच्या रस्त्यावर गिट्टी फोडणाऱ्यांचा मुकादम केलं. तिथंही आवाज आला की मी उठायचो, आणि गिट्टीवाले हसायचे.

पण सकाळ सांगायची राहिली.

ऊन वर आलं तेव्हा ताजी राख आणली. कौशीबाईनं रेघ ओढली, आणि ओढताना माझ्यापाशी आली तेव्हा मला आत घेऊन पुढे गेली. मी चपला काढल्या. पंच बसले, टेकचंद बसला. मोजायचे दोन ढीग होते, मोठा चांगल्या धानाचा आणि लहान पेट्रोलच्या वासाचा. फागूबुवांना दोघांनी धरून आणलं, पाय लाकडासारखे झाले होते. त्यांनी मांडीवरचा कुडव मोजलेल्या धानाच्या जागी ओतला, पुढचा भरला आणि बसक्या आवाजात म्हणाले, "अठरा."

तिसरा खडा मुठीत गेला. मग चौथा. पाचवी खंडी लागली. मोठा ढीग उतरत चालला. चौदा. पंधरा. सोळा, सोळा, सोळा... आणि चांगलं धान संपलं. जमीन दिसली.

टेकचंदनं गुडघ्यावर हात टेकले, उठायलाच निघाला.

म्हातारा बसल्या जागेवर फिरला. कुडव लहान ढिगात घातला, काठोकाठ भरला, आणि थोरल्या लेकाकडे बघत म्हणाला, "सतरा."

टेकचंदनं तोंड उघडलं. पण रेघेच्या काठावर बसून राशीत बोलणार कसा? उघडलेलं तोंड तसंच राहिलं. अठरा. एकोणीस. वीस. पाचवा खडा मुठीत गेला. ढिगात अजून थोडं शिल्लक होतं. बुवांनी कुडव पालथा घातला, त्यावर पाचही खडे ठेवले आणि रास बंद केली.

तेव्हा टेकचंद फुटला, "बाबा, थे पेट्रोलचं धान व्हय! खाता येते काय थे?"

"मोजाले सांगतलं होतं," फागूबुवा म्हणाले, "खायाले नाही."

मग सुनेकडे वळले. आदल्या सकाळपासून आकड्याखेरीज काही न बोललेला तो घसा, त्यातून आवाज नीट निघतही नव्हता.

"पाणी आण, बाई," ते म्हणाले. "तुह्या शेताची रास मोजून राह्यलतो. लय तहान लागली."